इंग्लंडचं धनुष्य, आल्प्सचं लाकूड

आज 100 पाउंडांच्या वरच्या ओढीचा, यू या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचा लाँगबो (माणसाच्या उंचीचं इंग्लिश धनुष्य) बनवणारे कारागीर ज्या मापांकडे बघतात ती समुद्राच्या तळातून आलीत. आठव्या हेन्रीचं मेरी रोझ हे लढाऊ जहाज 19 जुलै 1545 ला पोर्ट्समथजवळ बुडालं, 1982 मध्ये त्याचा सांगाडा वर काढला, आणि त्यातून तब्बल 172 धनुष्यं मिळाली, काही तर पेटीत रचलेली तशीच. तोवर त्या काळातले इंग्लिश लाँगबो जवळपास उरलेच नव्हते, त्यामुळे क्रेसी (1346) आणि ॲजिनकोर्टच्या (1415) लढायांतल्या तिरंदाजांची धनुष्यं बरीच हलकी असणार असं पुष्कळ जण धरून चालायचे. रॉबर्ट हार्डी (हो, तोच ब्रिटिश नट, पण लाँगबोचा गाढा अभ्यासक) आणि त्याच्यासोबतच्या शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला तर आकडे आले साधारण 100 ते 185 पाउंड, म्हणजे 45 ते 84 किलोची ओढ! जहाजात सापडलेल्या माणसांच्या सांगाड्यांपैकी काहींच्या खांद्याच्या हाडातही लहानपणापासून जड धनुष्य ओढल्याच्या खुणा दिसतात असं अभ्यासक म्हणतात, आणि ते पटतं, कारण सुट्टीच्या दिवशी तिरंदाजीचा सराव करा असा हुकूम तिसऱ्या एडवर्डने 1363 मध्येच काढला होता.

पण यूच का? आल्प्समध्ये सापडलेल्या 5000 वर्षांपूर्वीच्या, बर्फात गोठून राहिलेल्या ओट्झी नावाच्या माणसाजवळचं अर्धवट धनुष्यसुद्धा यूचंच, सुमारे 1.82 मीटरचं. या झाडाचं सालीलगतचं पांढरट लाकूड ताण सोसतं, आतला तांबूस गाभा दाब सोसतो, आणि दोन्ही एकाच ओंडक्यात आयते जोडलेले मिळतात. कारागीर पांढरा थर धनुष्याच्या पाठीला म्हणजे निशाण्याकडच्या बाजूला ठेवतो, गाभा पोटाला. पाठीवरचं वार्षिक वलय शक्यतो तोडायचं नाही, गाठ आली तर तिथे लाकूड थोडं जास्त सोडायचं, आणि मग हळूहळू वाकवत, बघत, खरवडत दोन्ही बाजू सारख्या वाकवायच्या, याला टिलरिंग म्हणतात. जड धनुष्यात इथली चूक महाग पडते, कारण एक कमजोर जागा राहिली तर सगळा ताण तिथेच येतो.

खरी अडचण लाकडाची होती. असं सरळ, बारीक वलयांचं, बिनगाठीचं यू इंग्लंडमध्ये पुरेसं मिळेना, म्हणून 1472 मध्ये कायदाच झाला की इंग्लंडच्या बंदरात माल आणणाऱ्या जहाजाने दर टनामागे धनुष्याच्या 4 काठ्या आणायच्या, आणि 1484 मध्ये तिसऱ्या रिचर्डने माल्मसी वाइनच्या दर पिंपामागे 10 काठ्या लावल्या. माल यायचा आल्प्सच्या बाजूने, हॅब्सबर्ग सम्राटांकडून हक्क घेतलेले न्यूरेंबर्गचे व्यापारी तो पाठवायचे. यू वाढायला शतकं लागतात आणि तोड चालली होती भराभर, सोळाव्या शतकात बव्हेरिया-ऑस्ट्रियातली चांगली झाडं संपत आली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. लाँगबो बंदुकीने मागे सारला हे आपण सगळीकडे वाचतो, 1595 मध्ये राणी एलिझाबेथच्या प्रिव्ही काउन्सिलने, म्हणजे सल्लागार मंडळाने, तिरंदाजांच्या हाती बंदुका द्यायचा आदेशही दिला, पण त्याच्या कितीतरी आधी जंगलं रिकामी व्हायला लागली होती हे सांगायला हवं. मेरी रोझवरच्या धनुष्यांच्या लाकडातली वलयंसुद्धा इतकी दाट आहेत की ते उंच डोंगरावरचं, बाहेरून आणलेलं यू असावं असं मानतात.