‘मालिका ताणली’ या तक्रारीची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी फिरणाऱ्या बायकांच्या बोलण्यात किंवा नाशिकरोडहून शालिमारकडे येणाऱ्या बसमधल्या गप्पांत दूरचित्रवाणी मालिकांचा विषय निघाला, की एक वाक्य हमखास कानी पडते: ‘सुरुवातीला फार छान होती, आता नुसती ताणली आहे.’ आवडती मालिका कोणती आणि निराशा करणारी कोणती, असे दोन वेगळे प्रश्न विचारले, तरी पुष्कळदा दोन्हींचे उत्तर म्हणून एकाच मालिकेचे नाव येते. नाटकाविषयी किंवा चित्रपटाविषयी असे क्वचित घडते. मालिकेच्या बाबतीतच ते का घडते, हे समजून घेण्यासाठी मराठी प्रेक्षकाच्या मतप्रदर्शनाचा गेल्या पन्नास वर्षांतील प्रवास पाहावा लागतो.

दूरचित्रवाणी येण्याच्या कितीतरी आधीपासून पाहिलेल्या गोष्टीवर मत देण्याची सवय या शहराला होती. दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरचा, आणि पहिल्या चित्रपटानंतर त्यांनी आपला व्याप नाशिकलाच आणला. कुसुमाग्रज आणि वसंत कानेटकर हे दोन मोठे नाटककार इथेच राहिले. ‘गावकरी’ समूहाचे ‘रसरंग’ हे साप्ताहिक नाशिकहून निघत असे आणि सिनेमाची चर्चा ते महाराष्ट्रभर घरोघरी पोहोचवत असे. हौशी राज्य नाट्य स्पर्धेच्या नाशिक केंद्रावरील प्राथमिक फेरीत परशुराम साईखेडकर नाट्यगृहातून बाहेर पडणारा प्रेक्षक पायरीवरच संहिता, अभिनय आणि नेपथ्य यांचा हिशेब मांडू लागतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या सवयीची खोली वेगळी सांगायला नको. मात्र हे सारे मत पूर्ण झालेल्या कलाकृतीविषयीचे असते. पडदा पडलेला असतो, शेवट ठाऊक झालेला असतो, आणि आपले मत ऐकून उद्याचा प्रयोग वेगळा शेवट करील अशी अपेक्षा कोणी धरत नाही.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले, परंतु देशातील लहानमोठ्या शहरांपर्यंत दूरचित्रवाणी खऱ्या अर्थाने पोहोचली ती १९८४ च्या सुमारास, लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रांची उभारणी झपाट्याने झाली तेव्हा. त्याच वर्षी ७ जुलैला ‘हम लोग’ सुरू झाली. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेल्या या मालिकेमागे मेक्सिकोतील बोधप्रद मालिकांचे उदाहरण होते आणि कुटुंबनियोजनाचा प्रचार हा तिचा एक हेतू होता. पहिल्या तेरा-एक भागांतला उपदेश प्रेक्षकांना जड वाटला, नापसंती कळवली गेली, आणि पुढच्या भागांत उपदेश मागे सरून कुटुंबाची गोष्ट पुढे आली. सतरा महिन्यांत या मालिकेला सुमारे ४ लाख पत्रे आली, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार प्रेक्षकांशी थेट बोलत. आपल्याकडील प्रेक्षकाच्या निराशेने चालू कथेची वाट बदलल्याचे हे पहिले ठळक उदाहरण, असे मला वाटते, आणि ते नीट लक्षात ठेवण्यासारखे आहे. मालिका अपूर्ण असतानाच तिच्याविषयी बोलले पाहिजे, बोलले तर ऐकले जाते, ही भावना तिथून रुजली.

त्या काळात दूरदर्शनवरील प्रायोजित मालिकांना सहसा तेरा भागांच्या पटीत मंजुरी मिळे. त्यामुळे मालिका आवडली तर प्रेक्षकाची हळहळ असे ती लवकर संपल्याची. लांबल्याची तक्रार तेव्हा जवळजवळ नव्हतीच. ‘चिमणराव’ किंवा पुढे ‘गोट्या’ यांच्याविषयी आज साठीत असलेली माणसे ज्या मायेने बोलतात, तिच्यात या अपुरेपणाचाही वाटा आहे. दुसरी गोष्ट म्हणजे साऱ्यांनी एकच गोष्ट एकाच वेळी पाहिलेली असे. २५ जानेवारी १९८७ पासून ‘रामायण’ रविवारी सकाळी दाखवले जाऊ लागले, तेव्हा पंचवटीत, तपोवनात आणि सीतागुंफेच्या परिसरात राहणाऱ्यांसाठी ती कथा आपल्याच अंगणात घडलेली होती. पडद्यावरचे अरण्य आणि पर्णकुटी आपल्या गोदाकाठाशी ताडून पाहणारा प्रेक्षक दुसऱ्या कुठल्या शहराला लाभला असेल, असे वाटत नाही. रविवारी दुपारपर्यंत वाड्यांच्या ओट्यांवर मते मांडून होत, आणि पुढचे सात दिवस त्यात नवी भर पडण्याचे कारण नसे.

हे चित्र बदलले ते दैनंदिन मालिकांनी. दूरदर्शनवरील ‘दामिनी’ ही मराठीतील पहिली दैनंदिन मालिका म्हणून ओळखली जाते. १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा टीव्ही मराठी ही वाहिनी सुरू झाली, पुढच्याच वर्षी ई टीव्ही मराठी आली, आणि २००८ मध्ये स्टार प्रवाह. आरंभीच्या ‘प्रपंच’ आणि ‘आभाळमाया’ यांनी मध्यमवर्गीय घर, त्यातली भाषा आणि त्यातले अबोल ताण इतक्या संयमाने दाखवले, की आजही आवडत्या मालिकांची यादी करायला बसलेला चाळिशीपुढचा माणूस या नावांपासूनच सुरुवात करतो. दुसऱ्या टोकाला २००१ ते २०१३ अशी बारा वर्षे चाललेली ‘चार दिवस सासूचे’ होती, जिचे भाग ३ हजारांच्या पलीकडे गेले. ज्या घरात मुलीच्या शाळेपासून लग्नापर्यंत एकच मालिका चालू राहते, तिथे तिच्याविषयीचे मत एक राहणे शक्यच नसते.

दैनंदिन मालिका कशी चालते, हे कळले की ‘ताणली’ या शब्दाचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. अर्ध्या तासाच्या वेळेतून जाहिराती वजा केल्या की साधारण वीस-बावीस मिनिटे कथा उरते. आठवड्याला सहा भाग द्यायचे, म्हणजे जवळजवळ एका चित्रपटाएवढा मजकूर दर आठवड्याला लिहून, चित्रित करून, संकलित करून द्यायचा. चित्रीकरण आणि प्रक्षेपण यांत अंतर थोडे असते, त्यामुळे दर गुरुवारी येणारे टीआरपीचे आकडे कथेवर लगेच परिणाम करू शकतात. २०१५ पासून हे मोजमाप बार्क ही संस्था करते आणि तिने शहरांबरोबर ग्रामीण भागही मोजणीत घेतला. आकडे घसरले की एखादे पात्र परत येते, काळ काही वर्षांनी पुढे सरकतो, रविवारी महाएपिसोड ठेवला जातो. आकडे चढे असले, तर संपायला आलेली गोष्टही संपू दिली जात नाही. दीर्घ मालिकेचा शेवट ठरवण्यात लेखकाच्या आराखड्यापेक्षा प्रायोजकाच्या सोयीला अधिक वजन येते, हा माझ्या मते या माध्यमाचा मूळ दोष आहे, आणि त्याचे खापर लेखकांवर फोडणे अन्यायाचे आहे.

यात एक सूक्ष्म बदलही झाला. पत्र लिहिणारा प्रेक्षक नाव-गाव लिहून, कारणे देऊन आवडनिवड कळवत असे. आता निवडक घरांत बसवलेली यंत्रे कोणती वाहिनी कोण पाहत आहे एवढेच नोंदवतात, आणि ती घरे कोणती, हे गोपनीय ठेवलेले असते. चिडून पाहणारा आणि रमून पाहणारा या मोजणीत सारखेच. त्यामुळे बसमध्ये मालिकेला नावे ठेवणाऱ्या माणसाच्या घरी असे यंत्र असेल आणि संध्याकाळी तीच मालिका लागलेली असेल, तर वाहिनीपर्यंत त्याची पसंतीच पोहोचते.

याला अपवाद घडले तेव्हा प्रेक्षकांनी ते आवर्जून लक्षात ठेवले. २०१२ मधील ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ लोकप्रिय असतानाच काही महिन्यांत संपवण्यात आली, आणि आजही तिचे कौतुक करणारा माणूस अभिनयाइतकेच तिच्या वेळेवर संपण्याचेही कौतुक करतो.

नाशिकच्या मतांत एक आपुलकीचा धागा आहे, तोही सांगायला हवा. मृणाल दुसानीस, अनिता दाते, चिन्मय उदगीरकर, सायली संजीव ही दूरचित्रवाणीवर नावारूपाला आलेली मंडळी नाशिकशी जोडलेली आहेत. २०१६ ते २०२१ या काळात चाललेल्या ‘माझ्या नवऱ्याची बायको’विषयी बोलताना कथा फार लांबली असे म्हणणारी माणसे त्याच दमात राधिकेचे काम करणाऱ्या अनिता दाते यांना ‘आपली’ म्हणून दाद देत. मला या दादेत केवळ गावाचा अभिमान दिसत नाही. कथानक फसले तरी अभिनय वेगळा तोलण्याची जी सवय नाट्यस्पर्धांनी लावली, तीच इथे कामी येते.

मार्च २०२० मध्ये चित्रीकरण थांबले आणि वाहिन्यांना जुने भाग दाखवावे लागले. दूरदर्शनने २८ मार्चपासून ‘रामायण’ पुन्हा आणले. तीन पिढ्या एकाच खोलीत अडकलेल्या असताना जुने आणि नवे प्रथमच शेजारी ठेवून पाहिले गेले, आणि आजोबांच्या ‘आमच्या वेळच्या मालिका’ नातवंडांनी तपासून घेतल्या. काही टिकल्या, काहींचा संथपणा त्यांना सोसला नाही. पुढच्या वर्षीच्या निर्बंधांत अनेक मराठी मालिकांची पथके राज्याबाहेर, गोव्यासारख्या ठिकाणी जाऊन काम करत होती, आणि घरातले दिवाणखाने अचानक बदललेले प्रेक्षकांनी तत्काळ ओळखले.

‘आई कुठे काय करते’ ही मालिका या साऱ्या काळातून गेली. ‘श्रीमोयी’ या बंगाली मालिकेवर बेतलेली ही कथा डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली. घरासाठी राबणाऱ्या अरुंधतीने स्वतःचा विचार करायला लागणे, हा तिचा पहिला टप्पा अनेक बायकांना आपल्याच मनातला वाटला. नंतरच्या दुःखांच्या मालिकेने त्याच बायकांना थकवले. अखेरच्या वर्षी तिची वेळ संध्याकाळहून दुपारी गेली. त्या वेळी कामावर असणाऱ्या, मोबाईलवर रात्री उशिरा राहिलेला भाग पाहणाऱ्या बायकांनीही ती शेवटपर्यंत सोडली नाही, आणि ‘ताणली’ ही तक्रारही सोडली नाही.