अँथनी क्विन यांनी बेकेट साकारलाच नव्हता

'बेकेट' या नाटकाच्या न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरील प्रयोगांच्या काळात इंग्लिश अभिनेते लॉरेन्स ऑलिव्हिए आणि मेक्सिकोत जन्मलेले अभिनेते अँथनी क्विन यांनी भूमिकांची अदलाबदल केली होती, ही रंजक आख्यायिका वर्षानुवर्षे सांगितली जात असली तरी ती खरी नाही. ऑक्टोबर १९६० मध्ये नाटक रंगमंचावर आले, तेव्हा ऑलिव्हिए आर्चबिशप थॉमस बेकेट होते आणि क्विन इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री. पुढे एका चित्रपटासाठी क्विन नाटकातून बाहेर पडले. त्यानंतर दिग्दर्शक पीटर ग्लेनव्हिल यांच्या सूचनेवरून ऑलिव्हिए यांनी दौऱ्यासाठी हेन्रीची भूमिका स्वीकारली आणि बेकेट झाले ते आर्थर केनेडी. म्हणजे दोन्ही भूमिका केल्या त्या एकट्या ऑलिव्हिए यांनी, आणि गैरसमजाचे मूळ बहुधा इथेच असावे.

क्विन यांच्या अष्टपैलुत्वासाठी या दंतकथेचा टेकू मुळीच लागत नाही. हेन्रीच्या भूमिकेने त्यांना टोनी पुरस्काराचे नामांकन मिळवून दिले. त्याआधीच 'विवा झपाटा!' (१९५२) आणि 'लस्ट फॉर लाइफ' (१९५६) या चित्रपटांसाठी त्यांना सहायक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले होते. त्यांना ग्रीक समजणारे प्रेक्षकही पुष्कळ भेटतात, पण तो 'झोर्बा द ग्रीक' या चित्रपटातील त्यांच्या ग्रीक व्यक्तिरेखेचा, झोर्बाचा, प्रभाव.