कॉकटील चावू लागला तर आधी घरातले दिवे पाहा

काल-परवापर्यंत खांद्यावर बसून शीळ घालणारा कॉकटील, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा पाळीव पोपट, आठवडाभरात पार बदलतो. वाटी भरायला हात आत घातला की तुरा डोक्यावर सपाट दाबून, फिस्स करत अंगावर येतो. घरातल्या एकाच माणसाला चिकटतो आणि बाकीच्यांना रक्त येईपर्यंत चावतो. संधी मिळाली की सोफ्याखालच्या अंधारात शिरतो आणि बाहेर काढायला गेलं की तिथूनही हल्ला करतो. घरचे म्हणतात, पक्षी बिघडला, तापट झाला. खरं तर विणीचा हंगाम आलाय असं त्याच्या शरीराला वाटू लागलेलं असतं, आणि बहुतेक घरांत तो हंगाम आपणच नकळत सुरू केलेला असतो.

इथे मुख्य उदाहरण कॉकटीलचं घेतलं आहे, कारण महाराष्ट्रातल्या फ्लॅटमध्ये तो भरपूर पाळला जातो. बजरीगर (ज्याला आपल्याकडचे दुकानदार सरसकट 'लव्हबर्ड' म्हणतात), खरे आफ्रिकी लव्हबर्ड, कन्युअर आणि ग्रे पॅरट यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं. आपला हिरवा पोपट आणि पहाडी पोपट मात्र 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ते घरात ठेवणं हाच गुन्हा आहे.

कॉकटील मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. तिथे पाऊस कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून हा पक्षी पंचांग पाहून वीण करत नाही, परिस्थिती पाहून करतो. दिवस मोठा आहे, पाणी आलंय, गवताचं कोवळं बी मुबलक आहे, जुन्या झाडात ढोली सापडली आहे आणि जोडीदार जवळ आहे, एवढं जुळलं की अंडी घालायची. आता आपल्या घराकडे त्याच्या नजरेने पाहा. ट्यूबलाइट रात्री साडेअकरापर्यंत चालू, वाटी कधी रिकामी नाही, रोज आंघोळ, कपाटाचा कप्पा उघडा, आणि पाठीवरून हात फिरवणारा लाडका माणूस. पाचही खुणा बाराही महिने हजर.

यातली प्रकाशाची खूण सर्वांत बलवान, आणि नेमकं तिच्याकडेच कुणाचं लक्ष जात नाही. पक्ष्याला दिवसाची लांबी फक्त डोळ्यांनी कळत नाही. 1930च्या दशकात फ्रान्समधले शास्त्रज्ञ जाक बन्वा यांनी बदकांवर केलेल्या प्रयोगांतून दिसलं की डोळ्यांची मदत नसतानाही वाढीव प्रकाशामुळे नरांचे वृषण वाढतात. पक्ष्यांच्या मेंदूत खोलवर, हायपोथॅलॅमसमध्ये, प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात. पातळ कवटीतून झिरपून आलेला उजेड त्यांना पुरतो. तिथून निघालेला संदेश पिट्युटरी ग्रंथीला जातो, तिची संप्रेरकं रक्तात उतरतात, आणि हंगामाबाहेर आक्रसून बसलेले वृषण किंवा अंडाशय फुगू लागतात. नरात टेस्टोस्टेरॉन वाढतं, मादीत इस्ट्रोजेन. त्यापुढचं ढोली राखणं, परक्याला हुसकावणं, जोडीदारावर हक्क सांगणं हे सगळं या संप्रेरकांचं काम आहे. तिथे ओरडून, रागावून काय होणार?

मुंबईत डिसेंबरचा दिवस अकरा तासांच्या आसपास असतो आणि जूनचा सव्वातेरा तासांच्या. दिवाणखान्यातल्या पिंजऱ्यावर मात्र रोज सोळा-सतरा तास उजेड पडतो. एवढा लांब दिवस या पक्ष्याने आपल्या मुलखात कधी पाहिलेलाच नाही. म्हणून उपाय इथूनच सुरू करायचा. उजेड दहा तासांवर आणायचा, पण एकदम नाही. दर तीन दिवसांनी अर्धा तास कमी करत जा. सोळा तासांवरून दहा तासांवर यायला सव्वा महिना लागतो. शेवटी सकाळी आठला पिंजरा उघडा आणि संध्याकाळी सहाला झाका, असं वेळापत्रक होईल. ते साधारण दोन महिने ठेवून मग अकरा-बारा तासांवर स्थिर राहा. पहिल्या आठवड्यात काहीच बदल दिसत नाही आणि बहुतेक जण तिथेच नाद सोडतात. फुगलेल्या ग्रंथी उतरायला काही आठवडे लागतातच.

वन-बीएचकेमध्ये हे कसं जमवायचं? झोपायला वेगळा, छोटा, रिकामा पिंजरा ठेवा: एक दांडी, पाण्याची वाटी, बस्स. संध्याकाळी पक्षी त्यात घालून टीव्ही नसलेल्या खोलीत न्या. झाकायला गडद रंगाचं सुती कापड दुहेरी करून वापरा. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात चारी बाजू झाकू नका, पक्षी उष्म्याने धापा टाकतो. तेव्हा तीन बाजू झाकून खोलीच अंधारी करा. झोपेच्या खोलीत मच्छर अगरबत्ती किंवा धूप लावू नका, पक्ष्यांच्या फुफ्फुसांना तो धूर फार लवकर बाधतो. दिवाळीच्या चार रात्रींनी काही बिघडत नाही, पण पिंजऱ्यासमोरच्या गॅलरीत महिनाभर लटकणारा आकाशकंदील सगळी मेहनत वाया घालवू शकतो.

कॉकटीलबाबत एक अडचण आहे. पूर्ण काळोखात तो दचकतो आणि पिंजऱ्यात धडपडून पंख मोडून घेतो, म्हणून एक मंद दिवा लागतोच. तो लाल नसावा. आपल्याकडे झिरो बल्ब म्हटला की लालच आणतात, पण लाल प्रकाश ऊतींतून खोलवर जातो, आणि अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या शेडमध्ये लाल प्रकाश अंडी वाढवायलाच वापरतात. निळसर किंवा हिरवट, अगदी मंद दिवा घ्या आणि पिंजऱ्यापासून दूर, शक्यतो भिंतीकडे तोंड करून लावा.

दुसरी खूण ढोलीची. इथे कडक राहायलाच हवं. बजरीगरच्या पिंजऱ्यातलं मडकं, मऊ कापडाची झोपडी, पुठ्ठ्याचा खोका, नारळाची करवंटी, हे सगळं बाहेर काढा. कपाट, सोफ्याखालची फट, उशीमागचा कोपरा, मालकाच्या शर्टाच्या आतली जागा, हे सगळं पक्ष्याच्या लेखी ढोलीच आहे. तळाच्या ट्रेवर जाळी बसवा, म्हणजे वर्तमानपत्र कुरतडून घरट्याचा भुगा करता येणार नाही. आफ्रिकी लव्हबर्डची मादी तर कागदाच्या लांब पट्ट्या कापून शेपटीजवळच्या पिसांत खोचून नेते. ते दृश्य कितीही गोड वाटलं तरी कागद लगेच काढून घ्या. आरसा काढा. ज्या खेळण्याला किंवा वाटीला पक्षी पोटातलं अन्न ओकून भरवतो किंवा बूड घासतो, तेही काढा. नंतर पिंजऱ्यातल्या दांड्यांची मांडणी बदला आणि पिंजरा खोलीत दुसऱ्या जागी हलवा. राखायला ओळखीचा मुलूखच उरला नाही की राखणदारीही सैल पडते. भित्र्या पक्ष्यासाठी हे बदल दोन-तीन दिवसांत थोडे थोडे करा.

स्पर्शाबद्दल लोकांना सांगणं सगळ्यात अवघड जातं, कारण तो त्यांच्या मायेचा भाग असतो. पण पाठ, पंखांखालची जागा आणि शेपटीचं मूळ कुरवाळणं हा या पक्ष्यासाठी समागमाचा इशारा आहे. मादी लगेच पाठ सपाट करून शेपूट उचलते आणि बारीक चिवचिव करू लागते. नर खांद्यापासून पंख किंचित बाहेर काढून, चोच टकटक आपटत, शीळ घालत फिरतो. आपण इशारा द्यायचा आणि पुढे काहीच घडू द्यायचं नाही, यातून त्याची चिडचिड वाढते. हात फक्त डोक्याला आणि मानेला लावा. तोंडातला घास त्याला भरवू नका. आणि लाडक्या माणसाने काही आठवडे मागे राहावं: वाटी भरणं, आवडीचा खाऊ देणं ही कामं ज्याला पक्षी चावतो त्याने करावीत. नवरा जवळ आला की बायकोच्या खांद्यावरचा कॉकटील खवळतो, कारण त्याच्या हिशेबात ती त्याची जोडीदार असते आणि नवरा प्रतिस्पर्धी. हंगाम उतरेपर्यंत खांदा बंदच.

खाण्याचं गणितही तसंच. गरम, मऊ आणि भरपूर अन्न म्हणजे पिल्लं वाढवण्याचा काळ. दूधभात, वरणभात, उकडलेलं अंडं, भिजवलेली कडधान्यं थांबवा. सूर्यफुलाच्या बिया फक्त बक्षिसापुरत्या, दिवसाला चार-पाच. कॉकटीलला दिवसभरात दीड ते दोन मोठे चमचे कोरडा खाऊ पुरतो. तो सकाळ-संध्याकाळ विभागून द्या आणि थोडा कागदाच्या पुड्यांत बांधून लपवा, म्हणजे शोधण्यात त्याचा वेळ जाईल. सोबत मेथी, शेवग्याचा पाला, गाजर, ढोबळी मिरची. आहार बदलताना रोज सकाळी खाण्याआधी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पक्षी तोला. कॉकटीलचं वजन 80 ते 100 ग्रॅमच्या आसपास असतं. त्यात दहा टक्के घट झाली तर प्रयोग थांबवून डॉक्टरकडे जा. आंघोळ बंद करू नका, पण आठवड्यातून दोनदा, सकाळी, थोडकीच. रोजची फवारणी म्हणजे त्याच्यासाठी पाऊस.

हे सगळं होईपर्यंत चावणं कसं टाळायचं? चावा अचानक येत नाही. आधी अंग ताठ होतं, पिसं आवळतात, तुरा मागे सपाट होतो, मग फिस्स. कन्युअर आणि ग्रेमध्ये डोळ्याची बाहुली झपाट्याने लहान-मोठी होताना दिसते, कॉकटीलच्या काळ्या डोळ्यांत ते कळत नाही. पहिली खूण दिसताच हात जिथे आहे तिथे थांबवा आणि सावकाश मागे घ्या. हाताऐवजी काठी वापरा: 30-40 सेंटिमीटर लांब, 12 ते 15 मिलिमीटर जाड, साध्या लाकडाची. पहिले दोन-तीन दिवस काठी फक्त लांबून दाखवायची आणि पक्षी शांत राहिला की लगेच राळ्याचे दोन-चार दाणे द्यायचे. दुकानात राळ्याची कणसं कांगणी म्हणून मिळतात. मग काठी जवळ, मग पायांना टेकवून, मग वर चढला की बक्षीस. रोज दोन वेळा, तीन ते पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. हात हलवून पक्ष्याचा तोल घालवणं, चोचीवर टिचकी, तोंडावर फुंकर, या युक्त्या लोक एकमेकांना सांगत असतात. त्यातून पक्षी एवढंच शिकतो की इशारे देऊन उपयोग नाही, थेट चावावं. पंख छाटल्यानेही संप्रेरकं कमी होत नाहीत. पळून जाता न येणारा पक्षी उलट जास्त चावतो.

मादीने अंडं घातलंच तर ते उचलून फेकू नका. अंडं नाहीसं झालं की ती भरपाईला दुसरं घालते, आणि प्रत्येक कवचासाठी तिच्या हाडांतलंही कॅल्शियम खर्च होतं. अंडं दहा मिनिटं उकळून, थंड करून परत ठेवा किंवा प्लॅस्टिकचं नकली अंडं ठेवा. चार-सहा अंड्यांवर ती तीन आठवडे बसेल आणि कंटाळून स्वतःच उठेल. मग काढा. या काळात कटलबोन हवंच. कोकणच्या किनाऱ्यावर वाहून येणारं माकुलाचं पांढरं हाड म्हणजे तेच. गोळा केलेलं असेल तर रोज पाणी बदलत काही दिवस भिजवून कडक उन्हात वाळवा. कॅल्शियम पचायला ड जीवनसत्त्व लागतं आणि काचेतून आलेलं ऊन त्यासाठी कामाचं नाही. सकाळचं कोवळं ऊन थेट मिळू द्या, पिंजऱ्याचा अर्धा भाग सावलीत ठेवून.

मादी पिसं फुगवून तळाशी बसली, श्वासागणिक शेपूट खाली-वर होतेय, जोर करतेय पण अंडं येत नाही, पाय लुळे पडले, तर अंडं अडकलेलं आहे. वाट पाहायची नाही, तासाभरात निघायचं. वाटेत 30 अंशांच्या आसपास ऊब द्या. पोट चोळू नका, तेल सोडू नका, अंडं फोडायचा प्रयत्न करू नका. त्यात मादी दगावते.

पक्ष्यांचे जाणकार पशुवैद्य एरवीही लागतातच. जस्ताचा मुलामा दिलेल्या स्वस्त पिंजऱ्यामुळे होणारी विषबाधा, यकृताचे आजार, साधी वेदना, यांतही पक्षी चिडका होतो आणि आजार मात्र शेवटपर्यंत लपवतो. म्हणून चिडचिडीबरोबर विष्ठा बदलली, वजन घटलं किंवा आवाज बसला, तर संप्रेरकांवर बोट ठेवून बसू नका. सगळं करूनही मादी अंडी घालतच राहिली तर ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन किंवा डेस्लोरेलिनचा कातडीखालचा रोपण-दाणा देतात. त्याने पिट्युटरीचा संदेश काही आठवडे ते काही महिने थांबतो. उजेड आणि ढोली तशीच राहिली तर औषध उतरल्यावर सगळं परत सुरू होतं. गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया पक्ष्यांत फार जोखमीची आहे.

दिवस आखूड केल्यावर बऱ्याचदा पिंजऱ्याच्या तळाशी पिसं दिसू लागतात. घाबरू नका, वीण सरली की पिसं बदलण्याची पाळी येते. याही काळात पक्षी कुरकुरतो, पण त्याचं कारण वेगळं असतं. डोक्यावर, मानेवर नव्या पिसांचे काटेरी कोंब येतात, त्यांत रक्त असतं आणि दाबले की दुखतात. पांढरं, वाळलेलं टरफल आलेले कोंबच बोटांत हलके चुरा, ते त्याला आवडतं. निळसर दिसणाऱ्या कोवळ्या कोंबांना मात्र हात लावू नका.