गादी कुठे टांगायची?

लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडणारी पेटी), माईक, हेडफोन. घरच्या स्टुडिओला एवढं पुरतं, आणि ऑडॅसिटीसारखं सॉफ्टवेअर तर फुकट मिळतं. तरी दहा बाय दहाच्या, फरशी घातलेल्या खोलीत गाणं रेकॉर्ड केलं की ते न्हाणीघरात गायल्यासारखं ऐकू येतं. मग लोक माईक बदलतात. माझ्या मते पैसे वाया घालवायचा हा हमखास मार्ग आहे.

आवाज हवेत सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. गायक भिंतीला पाठ करून बसला आणि तोंड भिंतीपासून 30 सेंटिमीटरवर असलं, तर भिंतीवरून परतणारा आवाज 60 सेंटिमीटर जास्त फिरून, पावणेदोन मिलिसेकंद उशिरा माईकपाशी पोचतो. कानाला हा प्रतिध्वनी वेगळा कळत नाही. पण 286 हर्ट्झच्या लहरीला तो बरोबर अर्ध्या आवर्तनाचा उशीर असतो. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडतो आणि त्या पट्टीतला सूर दबतो. 572 हर्ट्झला उलट, सूर फुगतो. हार्मोनियमच्या पांढरी दोनचा सूर या 286 पासून फार लांब नाही, म्हणजे फटका ऐन गळ्यालाच.

आता गंमत बघा. कार्डिऑइड माईक समोरचं ऐकतो, पाठीमागचं जवळजवळ नाही. त्यामुळे गादी किंवा जाड गोधडी माईकमागे नव्हे, गायकाच्या पाठीमागे टांगायची, आणि भिंतीपासून थोडी सुटी. भिंतीला चिकटून हवेचे कण फारसे हलतच नाहीत. कापूस शोषणार काय? खर्ज मात्र गोधडीला दाद देत नाही. 100 हर्ट्झची लहर जवळपास साडेतीन मीटर लांब असते. अंड्यांचे ट्रे चिकटवून रस्त्यावरचे हॉर्न थांबत नाहीत, त्याला भिंतीचं वजनच लागतं.

राहिला हेडफोनमधला उशीर, म्हणजे रेकॉर्डिंग करताना स्वतःचाच आवाज हेडफोनमध्ये मागाहून ऐकू येणं. संगणक आवाजाचे नमुने, म्हणजे क्षणाक्षणाला घेतलेली मोजमापं, गठ्ठ्याने हाताळतो; या गठ्ठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला 44,100 नमुने आणि बफर 1024 चा असेल, तर एका गठ्ठ्यालाच 23 मिलिसेकंद लागतात. जाता-येता मिळून आणखी. एवढ्यात तबलजीचा हात अडखळतो. बफर 128 वर आणला की गठ्ठा तीन मिलिसेकंदांचा होतो. प्रोसेसरला ते झेपेना आणि रेकॉर्डिंगमध्ये कट्-कट् असा आवाज येऊ लागला, तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग चालू करा. मग गायकाचा आवाज संगणकात न शिरता थेट त्याच्या कानात जातो. मिक्सिंगला, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र जुळवायला, बसताना बफर पुन्हा 1024 करायला हरकत नाही.