पिवळा आकडा फोटोत काळा का दिसतो?

जर्मन विमानाचा १९४०-४२ चा ब्लॅक अँड व्हाइट फोटो समोर आला की बहुतेक जण आधी रंग ठरवायला बसतात आणि तिथेच घोळ होतो. तेव्हा दोन तऱ्हेच्या फिल्म चालायच्या. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला निळा-हिरवा प्रकाश कळतो, लाल कळतच नाही, त्यामुळे विमानाच्या अंगावर रंगवलेला लाल आकडा फोटोत काळाच येतो, पिवळाही काळपट येतो आणि पोटाचा फिका निळा मात्र पांढराफटक. पॅनक्रोमॅटिकला लालही दिसतो, तिच्यात तोच पिवळा उजळ, आणि लेन्सवर पिवळा फिल्टर असेल तर जवळजवळ पांढराच.

आता हे एवढं महत्त्वाचं का, तर फायटर विमानांवर आकड्याचा रंग म्हणजे स्क्वाड्रनची ओळख होती. साधारणपणे पहिल्या स्टाफेलचा (स्टाफेल म्हणजे जर्मन स्क्वाड्रन) पांढरा, दुसऱ्याचा लाल किंवा काळा, तिसऱ्याचा पिवळा. उत्तर आफ्रिकेत लढलेल्या पायलट हान्स-योआखिम मार्सेलचा १४ हा आकडा पिवळा होता कारण तो जेजी २७ या फायटर तुकडीच्या तिसऱ्या स्टाफेलमध्ये होता, पण काळ्या-पांढऱ्या फोटोत ते पिवळेपण नुसतं बघून कळणार कसं? माझी पद्धत अशी की त्याच फोटोत विमानावरच्या जर्मन क्रॉसची पांढरी किनार शोधायची, कारण पांढरा दोन्ही फिल्ममध्ये पांढराच येतो, आणि आकडा त्याच उजेडात त्या किनारीपेक्षा स्पष्ट काळपट असेल तर तो पांढरा नक्कीच नाही. पुढचं मात्र फिल्म कोणती ते कळल्याशिवाय बोलू नये.

म्हणून मी आधी आकार बघतो. आकाराला फिल्म फसवत नाही. मेसरश्मिट १०९ घ्या. ई मॉडेलच्या पंखांची टोकं कापल्यासारखी चौकोनी आणि शेपटीच्या आडव्या पंखाखाली तिरपा आधाराचा दांडा, एफ मॉडेलमध्ये टोकं गोल झाली आणि दांडा गेला. १९४३ च्या जी-६ मध्ये नाकावर कॉकपिटच्या पुढे दोन मोठे फुगवटे आले, कारण आत आधीपेक्षा मोठ्या, १३ मिलिमीटरच्या मशीनगन बसवल्या. फक्त शेपूट दिसत असली तरी ई की एफ हे सांगता येतं, मला हे फार भारी वाटतं.

अजून एक गोष्ट लोक हमखास विसरतात, फोटो उलटा छापलेला असू शकतो. १०९ च्या इंजिनसाठी हवा ओढणारं तोंड पायलटच्या डाव्या हाताला असतं, ते उजवीकडे दिसलं की निगेटिव्ह उलटी लागली समजा. आकडा १४ असेल तर उलटेपणा लगेच कळेल, पण इंग्रजी 8 असेल तर नाही कळणार, तिथे हे तोंडच कामाला येतं.

बॉम्बरचं गणित वेगळं, तिथे अक्षरं बोलतात. २८ ऑक्टोबर १९३९ ला स्कॉटलंडमध्ये हंबीजवळ एक हाइन्केल १११ उतरवायला भाग पाडलं, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या मुख्य भूमीवर पाडलेलं ते शत्रूचं पहिलं विमान. त्याच्या अंगावर क्रॉसच्या डावीकडे १एच, उजवीकडे जेए. १एच म्हणजे केजी २६ ही तुकडी, जे हे त्या एका विमानाचं अक्षर, आणि शेवटचा ए म्हणजे ते तुकडीच्या मुख्यालयाचं विमान होतं.