विद्यमान इमारतींची ऊर्जा-कार्यक्षमता सुधारणा (मराठवाडा)

बांधून पूर्ण झालेल्या व वापरात असलेल्या इमारतीचा वीजवापर तेथील माणसांची सोय कमी न करता घटावा, यासाठी तिचे छप्पर, भिंती, खिडक्या, दिवे, पंखे व शीतन-उपकरणे यांत केलेल्या बदलांना ऊर्जा-कार्यक्षमता सुधारणा म्हणतात. नव्या इमारतीची दिशा, खिडक्यांची जागा आणि भिंतीची जाडी कागदावर असतानाच बदलता येते; जुन्या इमारतीत या गोष्टी ठरून गेलेल्या असतात आणि आत माणसे राहत, शिकत किंवा काम करत असतात. त्यामुळे हे काम स्वरूपाने नव्या बांधकामापेक्षा दुरुस्तीच्या जवळचे आहे. अभियंते यासाठी ‘रेट्रोफिटिंग’ हा शब्द वापरतात. मराठवाड्यात तोच शब्द १९९३ च्या भूकंपानंतर घरांच्या बळकटीकरणासाठीही वापरला गेला, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे या दोन अर्थांचा येथे निकटचा संबंध आहे.

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, परभणी आणि हिंगोली या आठ जिल्ह्यांच्या या प्रदेशात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, हवा कोरडी असते आणि पहाटे पारा बराच खाली उतरतो. दिवस-रात्रीतील हा मोठा फरक इमारत थंड ठेवण्याचे येथील सर्वांत स्वस्त साधन होय. दुसरी लक्षात घेण्याजोगी बाब सूर्याच्या मार्गाची आहे. सुमारे १८.४ उत्तर अक्षांशावरील लातूर येथे सूर्य मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, तर १९.९ अक्षांशावरील छत्रपती संभाजीनगर येथे तिसऱ्या आठवड्यात भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो. हाच तेथील शून्य सावली दिवस. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेकडील भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही, पूर्व-पश्चिम भिंतींवर ते सकाळ-संध्याकाळ पडते आणि उरलेला सगळा मारा छपरावर होतो. बैठ्या व एकमजली घरांचे प्रमाण मोठे असलेल्या या भागात सुधारणेची सुरुवात छपरापासून करावी लागते ती यामुळे. गार प्रदेशांसाठी लिहिलेल्या पुस्तकांतील खिडक्यांच्या फटी बुजवण्याचा पहिला धडा येथे फारसा उपयोगी नाही.

माळवद, पत्रा आणि स्लॅब : मराठवाड्यातील जुने घर माळवदाचे किंवा धाब्याचे असे. दगड-मातीच्या दोन ते तीन फूट जाडीच्या भिंती, लाकडी खांबांवर तोललेल्या तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, वर पाला आणि शेवटी पांढऱ्या मातीचा जाड थर अशी त्याची रचना होती. अशा छपरातून दुपारची उष्णता आत पोहोचेपर्यंत रात्र होत असे आणि तोवर घरातील माणसे त्याच माळवदावर उघड्या आभाळाखाली अंथरूण टाकून झोपलेली असत. ही रचना कोणी आकडेमोड करून ठरवली नव्हती, पण तिच्यातील उष्णतेचे गणित अचूक होते. वजनाचे मात्र चुकलेले होते. गळती थांबवण्यासाठी पावसाळ्यापूर्वी जुन्या थरावरच नवी माती टाकली जाई, त्यामुळे थर वर्षागणिक वाढत राही. दीड फूट मातीचे वजन दर चौरस मीटरला सातशे किलोग्रॅमच्या पुढे जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर व धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) जिल्ह्यांतील गावेच्या गावे कोसळली आणि हजारो माणसे गेली. मातीच्या जोडणीतील दगडी भिंती व त्यांवरील जड छपरे हे त्या प्राणहानीचे मोठे कारण होते.

त्यानंतर लोकांनी माळवदाकडे पाठ फिरवली, हे समजण्यासारखे आहे. ज्यांना परवडले त्यांनी सिमेंट काँक्रीटचा स्लॅब घातला, इतरांनी पत्रे टाकले. भूकंपाची भीती त्यामुळे कमी झाली, पण उन्हाळा घरात शिरला. पत्र्याला उष्णता धरून ठेवण्याजोगे वस्तुमान नसते. ऊन पडताच तो तापतो, मे महिन्याच्या दुपारी त्याचे तापमान ६० अंशांच्या वर जाते आणि खाली बसलेल्या माणसावर तो तव्यासारखा उष्णता फेकतो. स्लॅबचे दुखणे वेगळे आहे. दीडशे मिलिमीटर काँक्रीट उष्णता चार-पाच तास धरून ठेवते आणि संध्याकाळी, माणसे घरी परतण्याच्या वेळीच ती खोलीत सोडू लागते. पंखा अशा वेळी छतालगतची तापलेली हवाच खाली ढकलतो. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारण्याची घरोघरची सवय या दुखण्यावरचाच घरगुती उपाय आहे.

छपराचे उपाय : छपरातून किती उष्णता आरपार जाते हे सांगणारा उष्णता-पारगम्यता गुणांक (तो जितका कमी तितके छप्पर चांगले) उघड्या स्लॅबसाठी दर चौरस मीटर दर अंश सेल्सिअसला सुमारे ३.८ वॅट भरतो. निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इको निवास संहितेने छपरासाठी १.२ ही कमाल मर्यादा घातली आहे. ही मर्यादा गाठण्यास एक्सट्रुडेड पॉलिस्टायरिन (प्लॅस्टिकच्या फेसाचे हलके, घट्ट तक्ते) किंवा तत्सम उष्णतारोधकाचा सुमारे २० मिलिमीटरचा थर पुरतो आणि ५० मिलिमीटरने गुणांक ०.६ च्या आसपास येतो. रोधक स्लॅबच्या वर बसवणे केव्हाही श्रेयस्कर, कारण मग स्लॅब मुळात तापतच नाही. खालून छतपट्टी लावल्यास खोलीला आराम मिळतो, पण काँक्रीट वर तापत राहते आणि उंचीही कमी होते.

येथे वजनाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. गच्चीच्या गळतीवर मराठवाड्यातील मिस्त्री सर्रास सुचवतो तो उपाय म्हणजे वीटकोबा, म्हणजे विटांचे तुकडे मसाल्यात बसवून केलेला थर. शंभर मिलिमीटर वीटकोब्याचे वजन चौरस मीटरला दोनशे किलोग्रॅमच्या घरात जाते, आणि त्याची उष्णतारोधक शक्ती त्या वजनाच्या मानाने बेताचीच असते. जुन्या स्लॅबवर, विशेषतः सळया गंजून प्लॅस्टर सुटू लागलेल्या स्लॅबवर, जुना कोबा न काढता त्यावर दुसरा घालणे म्हणजे माळवदावर दर वर्षी माती टाकण्याचीच चूक सिमेंटमध्ये करणे होय. ५० मिलिमीटर रोधकाचे स्वतःचे वजन चौरस मीटरला दोन किलोग्रॅमही नसते. त्यावरील संरक्षक गिलाव्याचे वजन धरले तरी एकूण भार कोब्याच्या निम्म्याहून कमी राहतो. किल्लारी परिसरात ही निवड करण्यापूर्वी संरचना अभियंत्याकडून छपराची तपासणी करून घेणे आवश्यक मानावे.

सर्वांत स्वस्त उपाय रंगाचा आहे. मे महिन्यातील भरदुपारी छपरावर दर चौरस मीटरला नऊशे वॅटपेक्षा अधिक सौर ऊर्जा पडते. मळकट करड्या स्लॅबमध्ये तिच्यापैकी सुमारे दोन-तृतीयांश शोषली जाते, तर नुकताच चुना दिलेल्या स्लॅबमध्ये एक-तृतीयांशाच्या आसपास. चुन्यात चिकटपणासाठी डिंक किंवा फेविकॉल मिसळून दोन हात देण्याची पद्धत गावोगाव माहीत आहे. तयार परावर्तक रंग अधिक टिकतात, पण महाग पडतात. पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी, जिला चायना मोझॅक म्हणतात, हाच गुण वर्षानुवर्षे देते. या उपायाचा शत्रू धूळ आहे. चुन्याचा पांढरेपणा वर्षभरात बराच उतरतो, म्हणून दर उन्हाळ्यापूर्वी तो पुन्हा द्यावा लागतो. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये शीत छपरांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. हवामान व बांधकामाच्या सवयी पाहता मराठवाड्याला तुलनेसाठी मुंबई-पुण्यापेक्षा ते उदाहरण जवळचे आहे.

पत्र्याच्या घरांत शेतकरी पत्र्यावर उसाचे पाचट, तुराट्या किंवा कडबा अंथरतात. त्याने सावली मिळते व पत्रा तापत नाही, पण वाळलेल्या पाचटाला आगीचा धोका असतो. पत्र्यावर पांढरा रंग आणि खाली हवेची पोकळी सोडून बसवलेले छत ही जोडी अधिक सुरक्षित ठरते. ही पोकळी दोन्ही टोकांना उघडी असली पाहिजे. ती बंद ठेवल्यास अडकलेली गरम हवा छतालाही तापवते.

भिंती, खिडक्या आणि रात्रीची हवा : भिंतींमध्ये पश्चिमेची भिंत सर्वाधिक त्रासदायक असते. तिच्यावर रोधक चढवण्यापेक्षा सावली करणे स्वस्त पडते. कडुलिंबाचे झाड, वेलीचा मांडव, बाहेरून सोडलेला बांबूचा पडदा किंवा छज्ज्याला जोडलेली आडवी-उभी फळी यांपैकी काहीही चालते. पडदा काचेच्या आत लावल्यास ऊन आधीच खोलीत आलेले असते, ही साधी गोष्ट पुष्कळ कार्यालयांत दुर्लक्षिली जाते. रात्रीची थंड हवा घरातून खेळवून भिंती व स्लॅब गार करणे आणि सकाळी नऊच्या सुमारास खिडक्या बंद करणे हा कोरड्या प्रदेशातील हुकमी उपाय आहे. डास व चोरी यांच्या धास्तीने खिडक्या रात्री बंद राहतात; त्यामुळे मजबूत गज व डासांची जाळी हाही ऊर्जाबचतीच्या खर्चाचाच भाग समजावा.

उपकरणे : छतपंखा हे प्रदेशातील सर्वाधिक वेळ चालणारे उपकरण आहे. साधा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, बीएलडीसी (ब्रशविरहित, कमी वीज घेणाऱ्या) मोटारीचा पंखा तेवढेच वारे सुमारे ३० वॅटमध्ये देतो. पंखा वर्षातून आठ महिने, रोज पंधरा तास चालला तर एका पंख्यामागे वर्षाला सुमारे १६० युनिटांची बचत होते. तांब्याच्या चोकची जुनी नळी पन्नासहून अधिक वॅट घेते, तिच्या जागी येणारी एलईडी नळी वीसच्या आसपास. दिव्यांची बहुतेक अदलाबदल स्वस्तात एलईडी दिवे देणाऱ्या २०१५ पासूनच्या उजाला योजनेनंतर होऊन गेली आहे. पंख्यांची अजून बाकी आहे.

कूलरचा विचार मराठवाड्यात विजेबरोबर पाण्यातही करावा लागतो. एक लिटर पाण्याचे बाष्पीभवन सुमारे दोन-तृतीयांश युनिट उष्णता शोषते, म्हणून दीडशे-दोनशे वॅटचा कूलर कोरड्या हवेत दीड हजार वॅटच्या वातानुकूलन यंत्राच्या तोडीचा गारवा देऊ शकतो. मात्र मोठा कूलर दुपारी तासाला पाच ते दहा लिटर पाणी पितो. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे हा हिशेब किरकोळ नाही. विजेचे व पाण्याचे नाते उलट दिशेनेही जाते: पाणी नसल्यामुळे २०१५ मध्ये परळीचे औष्णिक वीजकेंद्र बंद ठेवावे लागले होते. कूलरसमोरची खिडकी उघडी न ठेवणे ही त्याच्या वापरातील नेहमीची चूक. ओलसर हवा बाहेर गेली नाही तर तासाभरात खोली दमट होते आणि पाणी व वीज दोन्ही वाया जातात. जुलैनंतर हवेतच ओल असल्याने कूलरचा उपयोग तसाही थोडा.

जलाशयाखालचा गारवा या प्रदेशाला नवा नाही. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत नहरीच्या (जमिनीखालून पाणी आणणाऱ्या जुन्या नळमार्गाच्या) पाण्याने भरलेल्या मोठ्या हौदाखाली खांबांवर पेललेले दालन आहे, आणि वर पाणी असल्याने ते उन्हाळ्यातही थंड राहते. घरांच्या स्लॅबवर हा प्रयोग करण्याचा सल्ला मात्र कोणी देऊ नये. वजन, गळती व पाणीटंचाई या तिन्ही कारणांनी तो येथे गैरलागू आहे.

मोजमाप व कायदा : सुधारणेपूर्वी बारा महिन्यांची वीजबिले, मंजूर भार आणि रात्री इमारत रिकामी असताना चालू राहणारा भार तपासतात. एकूण वार्षिक युनिटांना चटईक्षेत्राने भागले की ऊर्जा-कामगिरी निर्देशांक मिळतो. ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ अन्वये १ मार्च २००२ रोजी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला. व्यापारी इमारतींची संहिता २००७ मध्ये आली व २०१७ मध्ये सुधारली गेली. १०० किलोवॅट किंवा अधिक जोडभाराच्या इमारतींसाठी असलेली ही संहिता मुख्यतः नव्या बांधकामाला लागू पडते. जुन्या कार्यालयांसाठी ब्युरोची तारांकन योजना (वीजवापरानुसार इमारतीला तारे देणारी) आहे, ती ऐच्छिक. राज्यात हे काम महाऊर्जा, म्हणजे महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण पाहते. जिल्हा परिषदेची शाळा, ग्रामपंचायत किंवा पत्र्याचे घर यांपैकी काहीच या संहितेच्या कक्षेत येत नाही, आणि मराठवाड्यातील उष्णतेचा प्रश्न नेमका तेथे आहे. शाळांनी उन्हाळ्यात सकाळचे सत्र भरवून यावर बिनखर्चाची तोड पूर्वीच काढलेली आहे.

खर्च कोणी करायचा हा अडथळा तांत्रिक अडथळ्यांहून मोठा ठरतो. शिकवण्यांसाठी बाहेरगावचे विद्यार्थी लातूरमध्ये भाड्याच्या खोल्यांत राहतात. छप्पर मालकाचे असते आणि वीजबिल बहुधा भाडेकरू भरतो, त्यामुळे छपरावर पैसे घालण्यात मालकाला लाभ दिसत नाही. स्वतःच्या घरात हिशेब वेगळा होतो. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात, म्हणून वाचलेले युनिट नेहमी वरच्या, महाग टप्प्यातून कमी होते. फेब्रुवारी २०२४ पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या सौरसंचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. वीज निर्माण करणे म्हणजे कार्यक्षमता नव्हे, आणि आधी खप कमी केला तर लहान संच पुरतो. तरी पॅनेलांची सावली स्लॅबवर पडते हा त्यांचा एक फायदा विक्रेतेही सहसा सांगत नाहीत. पॅनेल बसवण्याआधी गच्चीची गळती, रोधक व पांढरा थर ही कामे उरकावी लागतात, कारण नंतर खालची जागा मिस्त्रीच्या हाताला येत नाही. ही कामे दिवाळी ते होळी या काळात केली जातात: त्यावेळी स्लॅब कोरडा असतो, गिलाव्याला पाणी मारण्यापुरते पाणी विहिरीत असते आणि चुन्याचा शेवटचा हात ऊन चढण्यापूर्वी वाळतो.