क्लोन ब्रश काहीही पुसत नाही
फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमधला क्लोन ब्रश फिरवला की फोटोतली नको असलेली वस्तू पुसली जाते आणि मागचं खरं दृश्य दिसू लागतं, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. तसं काही होत नाही. हा ब्रश एका जागेचे पिक्सेल (फोटोतले रंगाचे बारीक ठिपके) उचलून दुसरीकडे रंगवतो, बस. कुठून उचलायचं ती जागा, म्हणजे नमुना, तुम्हीच दाखवायची: फोटोशॉपमध्ये ऑल्ट, गिंप या तसल्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल दाबून क्लिक. आकाशातली तार झाकताना नमुना लांबून घेतला, तर निळ्यावर फिकट पट्टा उमटतो. आकाश क्षितिजाकडे उजळत जातं ना! म्हणून तारेला लागूनच नमुना घ्या आणि तो वरचेवर बदला, नाहीतर एकच ढग तीनदा दिसेल (आणि बघणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते). आजूबाजूचा रंग आपोआप जुळवून घेतो तो हीलिंग ब्रश, हा नव्हे.